जुन्या बसच्या खिडक्या: सरकत्या, रबरातल्या की चिकटवलेल्या?

जुनी बस घेऊन तिची राहण्याजोगी गाडी करायची ठरली की पहिला वाद खिडक्यांवर होतो. पलंगाशेजारी मोठी काच हवी, ओट्यापाशी हवा खेळती हवी आणि पाऊस आत यायला नको. कोल्हापुरात यातली तिसरी अट पहिली धरावी. शहरात एक वेळ निभावून जाईल, पण गाडी गगनबावड्याला चार दिवस उभी राहिली की आडव्या झडीत खिडकीची सगळी कच्ची कामं बाहेर पडतात.

पाणी सहसा चौकट आणि पत्रा यांच्या सांध्यातून शिरतं. पॅनेलमागून उतरून खिडकीखालच्या आडव्या पट्टीत साचतं आणि डाग दोन हात लांब उमटतो. म्हणून कुठलीही खिडकी निवडा, जुनी चौकट काढल्यावर ती पट्टी पेचकसाच्या टोकाने टोचून बघा. टोक आत घुसलं तर पट्टीचा तेवढा भाग कापून नवा वेल्ड करायचा, चकचकीत घासायचं, इपॉक्सी प्रायमर मारायचा. गंजावर चढवलेलं सीलंट (सांधा बुजवायची लवचीक पेस्ट) गंजासकट सुटतं. बॉडी अ‍ॅल्युमिनियमची आणि सांगाडा लोखंडाचा असेल तर दोन्हींच्या मध्ये टेप किंवा प्रायमरचा थर हवाच; ओल लागली की ही जोडी एकमेकांना खाते.

मूळ सरकत्या खिडक्या दुरुस्त करणं

सर्वांत स्वस्त, आणि हवेसाठी आजही सर्वांत चांगलं. गाडीचं जुनं रूपही टिकतं. कमजोरी खालच्या चॅनेलमध्ये असते. त्यातली मखमली पट्टी धूळ धरते, धूळ पाणी धरते आणि निचऱ्याची भोकं बुजतात. पट्टी सगळी नवी घाला. चॅनेलच्या दोन्ही टोकांजवळ, बाहेरच्या अंगाला, साधारण 6 मिलिमीटरचं एकेक भोक मोकळं ठेवा. ‘पाणी येतंय’ म्हणून हीच भोकं सीलंटने बुजवणारे कमी नाहीत. मग चॅनेल भरून पाणी थेट गादीवर उतरतं. सरकती खिडकी शंभर टक्के कोरडी राहत नाही. ती आत आलेलं पाणी परत बाहेर सोडते, इतकंच तिच्याकडून अपेक्षित आहे.

रबरात बसवलेली बंद काच

पत्र्याची कड एका खाचेत, काच दुसऱ्या खाचेत. इथे रबराचं माप चुकलं की सगळं चुकतं: खाच पत्र्याच्या आणि काचेच्या जाडीशी जुळली पाहिजे. कोपरे गोल हवेत, निदान 50 मिलिमीटर त्रिज्येचे. काटकोनात रबर सुरकुततं आणि त्या सुरकुतीतून धार लागते. रबर एक-दोन टक्के लांब कापा, कारण ते पुढे आकसतं. सांधा वरच्या बाजूला मधोमध घ्या. बसवताना आतल्या ओठात नायलॉनची दोरी ओवायची, साबणपाणी लावायचं, एकाने बाहेरून काच दाबायची आणि दुसऱ्याने आतून दोरी ओढायची. फायदा असा की काच फुटली तर रस्त्यावरही बदलता येते. उन्हात रबर कडक होतं, तेव्हा काही वर्षांनी ते बदलावं लागणार हे धरून चाला.

पीयूने चिकटवलेली काच

पीयू म्हणजे पॉलियुरेथेन, वाळल्यावरही लवचीक राहणारं चिकट सीलंट. कोरडेपणात ही काच सर्वांत पुढे, आणि चूक झाली तर निस्तरायला सर्वांत अवघड. काचेच्या कडेला काळी पट्टी किंवा काळा प्रायमर लागतो. नाहीतर ऊन काचेतून पीयूवर पडतं आणि त्याची पकड जाते. 10 मिलिमीटर पायाची, 12 मिलिमीटर उंचीची पीयूची त्रिकोणी रेघ न तोडता ओढायची. 900 गुणिले 700 मिलिमीटरच्या काचेचा घेर 3.2 मीटर, म्हणजे सुमारे 190 मिलिलिटर पीयू. आठ काचांना 310 मिलिलिटरच्या पाच नळ्या पुरतात, सहा आणा. काच आणि पत्रा यांच्यामध्ये 5 मिलिमीटरचे रबरी ठोकळे ठेवा, नाहीतर काच दाबली जाऊन पीयू बाहेर येतो आणि लवचीक थरच उरत नाही. बस खड्ड्यात पिळवटते तेव्हा तो थर कामी येतो. एक काच 5 मिलिमीटर जाडीत जवळपास 8 किलो भरते, तेव्हा पीयू धरेपर्यंत टेप आणि खालून आधार द्या.

दुहेरी अ‍ॅक्रिलिकच्या कॅम्पर खिडक्या

दिसायला देखण्या, वजनाला हलक्या, थंडीत आतून घाम धरत नाहीत. पण त्यांना सपाट भिंत लागते आणि बसची कूस बऱ्याचदा गोलाई घेते. अ‍ॅक्रिलिकवर ओरखडे पडतात, थिनर लागला तर बारीक भेगा जातात. पन्हाळ्याच्या थंडीसाठी एवढा खर्च करावा असं आम्हाला वाटत नाही. तो पैसा छतावरच्या व्हेंटला द्या.

घरासाठीची अ‍ॅल्युमिनियम सेक्शनची खिडकी मात्र धावत्या गाडीत नकोच. चौकट पिळ सहन करत नाही, आणि साधी काच फुटली तर तिचे सुरे होतात. गाडी शेतात कायमची उभी राहणार असेल तर गोष्ट वेगळी.

आमचा कौल मिश्र मांडणीला: ओट्यापाशी आणि पलंगाच्या पायथ्याशी समोरासमोर दोन सरकत्या, बाकी चिकटवलेल्या. दूरचे, आडवळणाचे प्रवास फार असतील तर चिकटवलेल्यांच्या जागी रबरातल्या. दोन खिडक्यांमधला उभा खांब कापून एक मोठी काच करायचा मोह टाळा, छत त्याच खांबांवर उभं आहे.

काच टफन्डच (तापवून कणखर केलेली) घ्या, सुरक्षा काचेच्या भारतीय मानकाचा, आयएस 2553 चा शिक्का बघून. टफन केल्यावर ती कापता येत नाही, म्हणून प्रत्येक खिडकीचा वेगळा फर्मा काढा आणि त्यावर नंबर टाका. जुन्या बसच्या दोन खिडक्या क्वचितच एका मापाच्या असतात. बाजूच्या काचेतून निदान 50 टक्के उजेड आत आलाच पाहिजे, हा मोटार वाहन नियम आहे. बॉडीतल्या बदलाला आरटीओची परवानगी कामाआधी घ्या. संकटकाळी बाहेर पडायची खिडकी हातोडीने फुटेल अशी हवी. अ‍ॅक्रिलिक तशी फुटत नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीला व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन लावू नका, ते धातू खातं. न्यूट्रल मागून घ्या. प्रत्येक खिडकीवर पाणी अडवणारी छोटी पत्र्याची पन्हळ लावली तर सीलंटवरचा निम्मा भार कमी होतो.

काम वळीव सुरू व्हायच्या आत संपवा आणि पीयू पुरता वाळला की पाइप लावून तपासा. आधी खालची कड, मग बाजू, शेवटी वरची, प्रत्येकी दहा मिनिटं. आत एकजण बॅटरी आणि कोरडा कागद घेऊन. वरून सुरुवात केली तर पाणी नक्की कुठून शिरलं ते सापडत नाही. आतला प्लाय आणि फोम गाडीत चढवायचा तो यानंतरच.