पैसा कोना शे? सौरप्रकल्पाला जमीन देण्याआधी

गेल्या महिन्यात साक्री तालुक्यात मामांकडे गेलो, तेव्हा ओट्यावर कराराचा मसुदा पसरलेला होता. वाऱ्यानं उडू नये म्हणून त्यावर अडकित्ता ठेवलेला. मध्यस्थ सकाळीच येऊन गेला होता. सोबत ठेवून गेलेल्या गुळगुळीत माहितीपत्रकावर एका परदेशी फंडाचं नाव ठळक छापलं होतं. मामांनी भाड्याचा आकडा विचारला नाही, तो त्यांना पाठ झाला होता. त्यांनी अहिराणीत विचारलं, "पैसा कोना शे रे भाचा?" म्हणजे, पैसा कुणाचा आहे?

खानदेशात आज ज्यांच्या दारात असे कागद येत आहेत, त्या सगळ्यांनी हाच प्रश्न आधी विचारावा. विजेच्या धंद्यात बाहेरचा पैसा दोन वाटांनी येतो, कर्ज म्हणून किंवा मालकी म्हणून. शेतकऱ्यासाठी दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

कर्जाचं उदाहरण साक्रीतच आहे. शिवाजीनगरचा १२५ मेगावॉटचा सौरप्रकल्प महानिर्मिती या राज्य सरकारच्या वीजनिर्मिती कंपनीचा आहे आणि त्याला कर्ज जर्मनीच्या केएफडब्ल्यू या सरकारी बँकेनं दिलं. अशा कर्जाचा व्याजदर कमी असतो आणि मुदत लांब असते. प्रकल्प आपल्याच सरकारी कंपनीचा राहतो. ऊन कमी पडलं, वीज कमी निघाली, तरी हप्ता मात्र चुकत नाही. परकीय चलनातलं कर्ज असेल, तर रुपया घसरल्याचा भारही कर्ज घेणाऱ्याच्याच बाजूला येतो.

सरकारी प्रकल्पाला जमीन बहुतेक वेळा संपादनातून जाते. मोबदला एकदाच मिळतो, म्हणून सगळं त्या एका दरावर अडतं. शिंदखेडा तालुक्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांचं काय झालं, हे धुळे जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. वीजप्रकल्पासाठी गेलेल्या पाच एकरांचे जेमतेम चार लाख हाती आले. दाद मागत फिरून ते २०१८ च्या जानेवारीत मंत्रालयात विष प्यायले आणि त्यातच गेले.

परदेशी कर्ज देणाऱ्या मोठ्या संस्थांकडे तक्रारीची सोय असते. तिच्या मुळाशीही खानदेशच आहे. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. बुडिताखाली जाणाऱ्यांत महाराष्ट्राची ३३ गावं होती, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. मणिबेलीसारख्या गावांनी लढा दिला, बँकेनंच नेमलेल्या मोर्स समितीनं १९९२ मध्ये प्रतिकूल अहवाल दिला आणि १९९३ मध्ये उरलेलं कर्ज थांबलं. त्याच वर्षी बँकेनं तक्रारी तपासायला स्वतंत्र पॅनेल नेमलं. पण धरण थांबलं नाही, ते आपल्याच पैशांतून पूर्ण झालं. म्हणजे सावकाराचा धाक शेवटचा हप्ता हातात पडेपर्यंतच. तक्रार असेल तर काम सुरू असतानाच करा.

आता दुसरी वाट, परदेशी मालकीची. महाराष्ट्राला ती एन्रॉन या अमेरिकी कंपनीच्या दाभोळ वीजप्रकल्पामुळे ठाऊक आहे. दाभोळचा करार १९९३ चा. तेव्हा डॉलर ३१ रुपयांच्या आसपास होता, २००१ मध्ये तो ४७ वर गेला आणि विजेचा दर बराचसा डॉलरला बांधलेला. वरून केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्यानं पैसे थकवले तर केंद्र भरेल अशी हमी. वीज परवडेना, तेव्हा २००१ मध्ये राज्य वीज मंडळानं खरेदी बंद केली.

आजचे सौरकरार तसे नाहीत. दर रुपयांत असतो, साधारण २५ वर्षांसाठी ठरलेला, त्यामुळे रुपया घसरला तर झळ गुंतवणूकदाराला बसते. वीज घेणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठी सुधारणा आहे, आणि म्हणूनच परदेशी पैशाला सरसकट नाही म्हणणं मला पटत नाही. जमीन देणाऱ्याची काळजी वेगळी आहे. फंड काही वर्षांनी आपला हिस्सा विकून बाहेर पडतो आणि तुमचा भाडेपट्टा तर पाव शतकाचा. मालक मध्ये बदलणार हे धरूनच चाला.

मामांच्या मसुद्यात माहितीपत्रकावरचं ते परदेशी नाव कुठेच नव्हतं. पट्टेदार, म्हणजे जमीन भाड्यानं घेणारी, होती एक छोटी कंपनी, फक्त या प्रकल्पापुरती काढलेली. वीजधंद्यात ही रीतच आहे, त्यात लबाडी नाही. पण भाडं थकलं तर मामांना दाद त्या छोट्या कंपनीकडेच मागावी लागेल, मोठ्या फंडाकडे नाही. पुढच्या पानावर लिहिलं होतं की पट्टेदाराला 'सदर मिळकत' बँकेकडे तारण ठेवता येईल. इथे मी थांबलो. तारण ठेवायचा तर पट्ट्याचा हक्क ठेवावा, जमीन नाही. हे दोन शब्द तसेच राहिले तर मामांच्या सातबाऱ्यावर कुणा परक्याच्या कर्जाचा बोजा चढू शकतो.

मग भाडं. मसुद्यात हेक्टरी वर्षाला दीड लाख होते, पण वाढ नाही. राज्याच्या मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत किमान सव्वा लाख आणि दरवर्षी ३ टक्के वाढ. ओट्यावर बसूनच हिशेब केला. आठव्या वर्षी सव्वा लाखाचं भाडं दीड लाखाच्या पुढे जातं. २५ वर्षांची बेरीज एकीकडे साडेसदतीस लाख आणि दुसरीकडे साडेपंचेचाळीस लाखांच्या वर. मामांनी आकडे दोनदा तपासायला लावले.

माझं मत विचाराल तर सरकारी प्रकल्पाला कायमची विक्री आणि परदेशी मालकीच्या कंपनीला भाडेपट्टा, यांत बरड जमिनीसाठी भाडेपट्टा बरा. जमीन नावावर राहते. मात्र दरवर्षी वाढ हवी, मालक बदलला तरी सगळ्या अटी नव्या मालकावर बंधनकारक हव्यात, एक वर्षाचं भाडं आगाऊ ठेव म्हणून हवं आणि मुदत संपल्यावर खांब, काँक्रीट उपटून नेण्याचा खर्च कंपनीचा असं लिहून हवं. दस्त दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला हवा, नोटरीवर भागवू नका. या अटी मानत नसतील तर घाई करू नका. विहिरीखालची बागायत मात्र कोणत्याच वाटेला देऊ नये.

मामांनी खालचं मुरमाड दोन हेक्टर द्यायचं ठरवलं आहे. केळीचं रान त्यांनी बोलण्यातही येऊ दिलं नाही. दुरुस्त केलेला मसुदा मध्यस्थाकडे परत गेलाय, अजून उत्तर आलेलं नाही.