एक खोली की सगळं घर?

4-5 वर्षांचा नर कुत्रा घरी आणला की पहिला प्रश्न हाच. आम्ही दोन्ही करून पाहिलंय.

पहिल्याला आल्या दिवशीच घर मोकळं सोडलं. अर्ध्या तासात सोफ्याचा पाय, पडद्याचं टोक, गॅस सिलिंडर, सगळीकडे तंगडी वर! फिनाईलने पुसलं, पण आपल्याला न येणारा वास त्याला येतोच. स्वारी परत तिथेच. रात्रभर या दारातून त्या दारात फेऱ्या.

दुसऱ्याला गॅलरीलगतची एकच खोली दिली. जुनी गोधडी, पाणी, आणि रांगत्या बाळांसाठी दाराला लावतात ती जाळी. दोन दिवस तो कॉटखालून निघाला नाही, जेवणही अर्धवट. तिसऱ्या दिवशी जाळीशी येऊन शेपूट हलवली. मग पट्टा लावून एकेक खोली दाखवली. पट्टा हातात असला की तंगडी उचलायच्या आत बाहेर नेता येतं.

दार बंद करून कोंडलंत तर मात्र तो दार ओरबाडणार. माणसं दिसायला हवीत. नसबंदी झालेली असली तरी तंगडी वर करायची जुनी खोड लगेच जात नाही. माझं मत खोलीलाच. स्वयंपाकघर सगळ्यात शेवटी दाखवा.