लोकेशन चालू ठेवूनही बॅटरी टिकते: सात महिन्यांचा अनुभव

रोज सायकलचा रस्ता फोनवर नोंदवतो. दुपारपर्यंत बॅटरी मान टाकायची. ज्याला विचारावं तो म्हणायचा, लोकेशन बंद ठेव. महिनाभर तसं केलं आणि वैतागलो. ऐन वेळी चालू केलं की निळा ठिपका शेजारच्याच गल्लीत भरकटायचा आणि फोन तापायचा.

कारण नंतर कळलं. जीपीएसचे उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवर, त्यांचा संदेश येतो सेकंदाला जेमतेम ५० बिट या वेगाने. एका उपग्रहाच्या कक्षेचा तपशील उतरायलाच अर्धा मिनिट जातो, आणि तेवढा वेळ फोनमधल्या रिसीव्हरला, म्हणजे हा संदेश पकडणाऱ्या चिपला, डुलकी घेता येत नाही. मध्ये उंच इमारत आली की पुन्हा पहिल्यापासून. हाच तपशील मोबाइल डेटावरून चुटकीसरशी मिळतो आणि काही तास पुरतो. म्हणून आता डेटा चालू ठेवून मोकळ्या आभाळाखाली ठिपका स्थिर होऊ देतो, मगच पॅडल मारतो.

सगळ्यात मोठा फरक मात्र वेगळ्याच गोष्टीने पडला. अचूकता वाढेल म्हणून मी कधीतरी डेव्हलपर ऑप्शन्समध्ये (अँड्रॉइडच्या एरवी लपलेल्या सेटिंग्जमध्ये) 'फोर्स फुल जीएनएसएस मेजरमेंट्स' चालू केलं होतं; जीएनएसएस म्हणजे जीपीएससारख्या उपग्रह यंत्रणा. त्याने रिसीव्हरची अधूनमधून झोपायची सोयच बंद होते. ते आधी तपासा, खरंच.

परवानग्याही चाळल्या. हवामानाच्या ॲपला 'अंदाजे' लोकेशन भरपूर झालं, बाकीच्यांना 'ॲप वापरतानाच'. नोंद दर सेकंदाऐवजी पाच सेकंदांनी ठेवली. ताशी २० किलोमीटरने पाच सेकंदांत सुमारे २८ मीटर जातात, त्यामुळे वळणं थोडी कापली जातात आणि अंतर किंचित कमी भरतं. मला चालतं; शर्यतीचा सराव करणाऱ्याला चालणार नाही. नकाशा सतत बघत नाही, आवाजी सूचना ऐकतो. भर उन्हात पूर्ण उजेडावरची स्क्रीन भरपूर बॅटरी खाते.

एक तक्रार आहेच. बॅटरी सेव्हर लावला आणि स्क्रीन बंद होताच लोकेशनही थांबलं. चाळीस मिनिटांच्या वळणदार घाटाच्या जागी नकाशावर एक सरळ रेघ! फार वाईट वाटलं. नोंद करायची असेल तेव्हा तो लावत नाही.

रेंज नसलेल्या डोंगरात मात्र नकाशा आधीच उतरवून फोन एअरप्लेन मोडवर टाकतो. जीपीएस नुसतं ऐकायचं काम करतं, ते तिथेही चालतं. टॉवर शोधण्यात जाणारी बॅटरी तेवढी वाचते.