जुन्या मराठी बायबलची पुनर्बांधणी : अप्पा बळवंत चौकाजवळचा एक गाळा

घराघरांतली बायबलं बहुतेक पाठीकडूनच मोडतात. रोज उघडून उत्पत्तीची पहिली पानं आणि स्तोत्रांचा भाग सैल होतो, मग कुणीतरी चिकटपट्टी लावतं. वर्षभरात ती पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि पुढच्या दुरुस्तीत पान फाटतं. अशी प्रत पुण्यातल्या अप्पा बळवंत चौकाजवळच्या या छोट्या गाळ्यात न्यावी, कारण इथे जुजबंदी, म्हणजे पानांचे गठ्ठे घडीतून शिवून केलेली बांधणी, अजून हाताने होते.

बायबलचा कागद निम्म्याहून पातळ. साध्या पुस्तकाचा 70-80 जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन), याचा 30-40. त्यामुळे वरून टोचून शिवलेलं बायबल सपाट उघडत नाही, आतला समास शिलाईत जातो आणि उपासनेत वाचताना पान हाताने दाबून धरावं लागतं. या गाळ्यात फर्मे (घडी घातलेल्या पानांचे गठ्ठे) सुटे करतात, पानांचे आकडे जुळवतात, फाटलेल्या घड्यांना आतून टिश्यू कागदाची पट्टी देतात आणि प्रत्येक फर्मा घडीतून शिवतात. 32 पानांचा फर्मा धरला तर 1,300 पानांचे 40 च्या आसपास फर्मे होतात. दोरा जाड घेतला तर 40 घड्यांत तो साठून पाठ फुगते आणि पुठ्ठा बसत नाही. इथे बारीक दोरा मेण लावून वापरतात.

चिकटवायची खळ मैद्याची, कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घातलेली. (मोरचूद विषारी आहे, घरी हा प्रयोग करू नये.) खळ पातळ झाली की कागद ओलावा पिऊन सुरकुततो. म्हणून ती घट्ट ठेवतात, आणि काम रात्रभर शिकंज्यात, म्हणजे दाबायच्या साच्यात, दाबलेलं असतं. पुठ्ठ्याला बाहेरून रेक्झिन लावलं तसा आतूनही कागद लागतो, नाहीतर पुठ्ठा एका बाजूला ओढला जाऊन वाकतो.

यातलं निम्मं काम पाठीच्या आत राहतं, गिऱ्हाईक ते कधीच पाहत नाही. इथेच ख्रिस्ती माणसाला ओळखीचं काहीतरी दिसतं. एदेन बागेची मशागत आणि राखण माणसाकडे सोपवली गेली ती उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात. काटे आणि घाम तिसऱ्यात येतात. म्हणजे शाप कष्टांवर आला, काम त्याआधीची देणगी आहे. निर्गम 31 मध्ये देवाच्या आत्म्याने भरलेला म्हणून ज्याचं नाव येतं तो बसालेल कारागीर होता, सोन्या-रुप्याचं आणि लाकडाचं काम करणारा. पौल तंबू शिवायचा. कलस्सैकरांना पत्रात तो लिहितो ते ‘जिवेभावे’ काम करणं या न दिसणाऱ्या टाक्यांत सापडतं, बांधणारा कुठल्याही धर्माचा असो.

पुण्याच्या परिसराला हे नवं नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू-ग्रीकवरून केलेलं मराठी बायबल केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलं गेलं, आणि खिळे (छपाईची धातूची सुटी अक्षरं) जुळवायला तिथल्याच मुली बसत. भाषांतर 1922 साली रमाबाईंच्या निधनाच्या सुमारास पुरं झालं. त्या मुलींचे खिळे जुळवणारे हात भाषांतराइतकेच मोलाचे, असं आमचं ठाम मत आहे.

आता उणीवा. न सांगता कडा कापतात. सोनेरी कड आणि समासातल्या नोंदी त्यात जातात, म्हणून ‘कटिंग नको’ हे चिठ्ठीवर लिहून घ्यावं. पहिली कोरी पानं टाकून देण्याचीही सवय आहे. कुटुंबाच्या बायबलमध्ये जन्म, बाप्तिस्मा आणि लग्नांच्या तारखा तिथेच असतात, त्यामुळे ती पानं आधी मोजून दाखवावीत. पाठीवरची सोनेरी अक्षरं तिरकी येतात, जोडाक्षरं तर फारच. कोरी पाठच घ्यावी. दर पानांवर नाही, फर्म्यांवर ठरतो. पानं सुटी होऊन एकेक झाली असतील तर काम वाढतं, कारण घडीच उरत नाही.

प्रत हातात आल्यावर एकदम मधोमध उघडू नये. टेबलावर पाठ टेकवून दोन्ही टोकांकडून तीस-चाळीस पानं आलटून पालटून दाबत मध्यापर्यंत यावं.