पेडॉट की पॉली-टीपीडी? पावसाळा धरून हिशेब

ओएलईडीसाठी (सेंद्रिय पदार्थांच्या पातळ थरांतून उजेड देणारा दिवा) आयटीओच्या (वीज वाहणारा पारदर्शक लेप, इंडियम-टिन ऑक्साइड) काचेवर पहिला थर पेडॉटचा द्यायचा की पॉली-टीपीडीचा (दोन्ही धन प्रभार पुढे नेणारे पॉलिमर), यावर लॅबमध्ये दोन तट आहेत. मी दोन्हीकडे राहून आलोय.

पेडॉट म्हणजे खरं तर पेडॉट:पीएसएस, वीज वाहणारं पेडॉट आणि त्याला पाण्यात पसरवणारं पीएसएस. त्याचे गुण नाकारता येत नाहीत. पाण्यातलं द्रावण, त्यामुळे डोकं भणभणवणारा वास नाही. आयटीओचे बारीक सुळके त्याखाली दबतात, शॉर्ट कमी होतात. आयटीओचं वर्क फंक्शन (पृष्ठभागातून इलेक्ट्रॉन बाहेर काढायला लागणारी ऊर्जा) साधारण 4.7 इलेक्ट्रॉनव्होल्ट, पेडॉटचं 5.1च्या आसपास, म्हणजे होलांना (धन प्रभारांना) चढायला मधली पायरी मिळते. डिसेंबरात यावर केलेले माझे हिरवे नमुने छान चालले.

मग जुलै आला. थर भाजायच्या हॉटप्लेटपासून ग्लोव्ह बॉक्सपर्यंत (कोरड्या वायूने भरलेली बंद पेटी) जेमतेम पंधरा पावलं. पण मुंबईच्या त्या हवेत सकाळी निळं भरलेलं सिलिका जेल दुपारी ओल पिऊन गुलाबी झालेलं असतं. तिथे पीएसएस काय कोरडं राहणार? ते ओल पितं, वर आम्लधर्मी, त्यामुळे खालचं आयटीओही हळूहळू कुरतडतं. संध्याकाळी लखलखीत दिसलेल्या नमुन्यावर दुसऱ्या दिवशी पावावर बुरशी यावी तसे काळे ठिपके. पुन्हा भाजा, पुन्हा बनवा, पुन्हा ठिपके. सगळा दोष पेडॉटचाच असं म्हणणार नाही, कॅथोडच्या (वरच्या धातूच्या थराच्या) बारीक छिद्रांमधूनही ओल शिरतेच. पण आठवडाभर हेच चाललं आणि माझा धीर सुटला.

पॉली-टीपीडी महाग. क्लोरोबेंझीनमध्ये विरघळवायचं, म्हणजे फ्यूमहूड (वाफा ओढून घेणारं कपाट) आलंच. थेट आयटीओवर दिलं तर दिवा पेटायला व्होल्टेज थोडं जास्त लागतं. आधी आयटीओ यूव्ही-ओझोनने (अतिनील किरण आणि ओझोन) नीट साफ केलं तर फरक कमी होतो. पण पॉली-टीपीडी पाण्याला जवळ करत नाही, आम्ल नाही आणि थर द्यायचं सगळं काम ग्लोव्ह बॉक्सच्या आतच उरकतं. त्याच पावसाळ्यात माझे ठिपके बरेच कमी झाले. मोजून आलेख काढलेला नाही, डोळ्यांनी पाहिलंय.

एक अडचण मात्र खरी. वरचा थरही टोल्यूइन किंवा क्लोरोबेंझीनमधूनच द्यायचा असेल, तर खालचं पॉली-टीपीडी विरघळून वाहून जातं. मग क्रॉसलिंक होणारा (साखळ्या एकमेकींना जोडल्या जाऊन न विरघळणारा) पॉलिमर शोधा, नाहीतर पेडॉटकडे वळा. अल्क्यू-थ्रीसारखं (हिरवा उजेड देणारं द्रव्य) काही व्हॅक्यूममध्ये चढवणार असाल, तर हा प्रश्नच येत नाही.

पेडॉटची बाटली मी टाकलेली नाही, दिवाळीनंतर काढतो. तुम्हीही ठेवा, फक्त फ्रीजरमध्ये नको. एकदा गोठली की गुठळ्या होतात आणि फिल्टर तुंबतो.