रॉकमध्ये कंपायलर सिद्ध करताना: काही महिन्यांनंतर

एका छोट्या फंक्शनल भाषेच्या कंपायलरमधली रूपांतरं बरोबर आहेत हे मी गेले काही महिने रॉकमध्ये सिद्ध करतोय. (रॉक म्हणजे गणिती सिद्धता लिहून संगणकाकडून तपासून घेण्याचं साधन. २०२५ पर्यंत याचंच नाव कॉक होतं.) हे साधन घ्याच असं मी सांगेन, फक्त वेळ कुठे जातो ते आधी कळलेलं बरं.

सगळ्यात साधं रूपांतर म्हणजे न वापरलेलं लेट, म्हणजे एखाद्या किमतीला नाव देणारी ओळ, काढणं. 'लेट क्ष = अ इन ब' आहे आणि ब मध्ये क्ष येतच नाही, तर नुसतं ब ठेवायचं. मूळ प्रोग्रॅमचं उत्तर येत असेल तर नव्याचंही तेच येतं, ही बाजू सहज सुटते. उलट बाजूला गाडी अडते. नवा प्रोग्रॅम थांबतो, त्यावरून मूळही थांबतो हे दाखवायचं, आणि स्क्रीनवर सिद्ध करायचं एकच विधान (गोल) उरतं: अ ची किंमत निघते हे दाखवा. गृहीतकांत त्यासाठी काहीच नसतं, कारण अ कायमचं फिरत राहू शकतं. लेझी भाषेत, म्हणजे गरज पडेल तेव्हाच किंमत काढणाऱ्या भाषेत, हा प्रश्नच येत नाही. स्ट्रिक्ट भाषेत अ ची किंमत आधीच काढली जाते, म्हणून ती नक्की निघते अशी अट हवी, म्हणजे ते लॅम्डा (निनावी फंक्शन) किंवा स्थिरांक असावं. ही अट कुठल्याही टेस्टने इतकी नेमकी दाखवली नसती. मला हे साधन आवडतं ते यासाठीच.

'तेच उत्तर' म्हणजे काय, हे ठरवणं त्याहून जड. उत्तर फंक्शन असेल तर त्याच्या आतला कोडही बदललेला असतो, म्हणजे साधी बरोबरी चालत नाही. मग लॉजिकल रिलेशन लागतं: जुळणारे इनपुट दिले की जुळणारे आउटपुट. भाषेत रिकर्शन आलं की त्यात पायऱ्यांची मोजणीही घालावी लागते.

डी ब्रॉइन इंडेक्सचा, म्हणजे व्हेरिएबलना नावांऐवजी आकडे देण्याच्या पद्धतीचा, वैताग खराच आहे. लेट काढलं की आतले आकडे एकने घटतात, आणि त्याची लेमा (छोटी सहायक प्रमेयं) हाताने लिहिण्यात जीव जातो. ही लेमा आपोआप तयार करणारं ऑटोसब्स्ट पहिल्या दिवसापासून वापरा. भाषेत एक कन्स्ट्रक्टर (नवा रचनाप्रकार) वाढवला की जुनी प्रूफं धडाधड मोडतात, यावर मात्र पक्का उपाय मला सापडलेला नाही.

सिद्धतेची हद्दही लक्षात ठेवा. सीस्मिथ हे यादृच्छिक सी प्रोग्रॅम बनवून कंपायलर तपासणारं साधन; त्याच्या २०११ च्या चाचण्यांत कॉम्पसर्ट या रॉकमध्ये सिद्ध केलेल्या सी कंपायलरच्या सिद्ध केलेल्या भागात चुकीचा कोड निघाला नाही, सिद्ध न केलेल्या भागात मात्र बग सापडले. माझ्याकडे पार्सर आणि एक्स्ट्रॅक्शन (रॉकमधल्या कोडचं ओकॅमल भाषेत होणारं रूपांतर) अजून भरवशावरच आहे. थेट मशीन कोडपर्यंत खात्री हवी असेल तर एचओएल४ या दुसऱ्या सिद्धता-साधनात सिद्ध केलेला केकएमएल कंपायलर पाहा.