जहाजावर उतरणारी विमाने : गोव्याच्या नौदल विमान संग्रहालयाविषयी

नाशिककरांना लढाऊ विमानांची नव्याने ओळख करून द्यावी लागत नाही. हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा (एचएएल) विमान कारखाना १९६४ मध्ये ओझरला आला, तेव्हापासून मिग-२१, पुढे मिग-२७, मग सुखोई-३० आणि आता तेजस अशी विमाने आपल्या डोक्यावरून जात आली आहेत. गावाच्या नावाला ‘मिग’ जोडून ‘ओझर मिग’ म्हणणारी आणि द्राक्षबागेत काम करताना मान वर न करता आवाजावरून विमान ओळखणारी माणसे निफाड-दिंडोरी भागात आजही भेटतात. मात्र ही सगळी विमाने जमिनीवरून उडून जमिनीवर उतरणारी आहेत. हलत्या जहाजावर उतरावे लागले तर विमानाच्या बांधणीत काय काय बदलते, हे समजून घ्यायचे असेल, तर गोव्यात दाबोळीजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर असलेले नौदल विमान संग्रहालय मुद्दाम वेळ काढून पाहावे, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे.

जुनी लष्करी विमाने उडताना पाहण्याचा आनंद वेगळाच असतो. आपल्या हवाई दलाने डकोटा, हार्वर्ड आणि टायगर मॉथ ही विमाने दुरुस्त करून पुन्हा उडण्याजोगी केली. त्यांपैकी ‘परशुराम’ नावाचे डकोटा २०१८ मध्ये हवाई दलाकडे आले. २७ ऑक्टोबर १९४७ रोजी शीख रेजिमेंटच्या जवानांना घेऊन श्रीनगरला उतरलेली विमाने याच जातीची होती, हे माहीत असणाऱ्याला त्याच्या इंजिनांचा आवाज नुसता आवाज वाटत नाही. परंतु आपल्याकडे अशा उड्डाणांचे प्रसंग थोडे असतात आणि त्यांतही विमान काही क्षणच डोळ्यांसमोर असते. डेकवर विमान थांबवणारा हूक कसा आहे, चाके कोठे दुमडतात, पंखाची बिजागरी कोठे आहे, हे उडत्या विमानात दिसत नाही. ते पाहण्यासाठी विमान स्थिर हवे आणि आपल्यापाशी सवड हवी.

हे संग्रहालय ऑक्टोबर १९९८ मध्ये सुरू झाले. विमाने बाहेर मोकळ्या आवारात उभी आहेत आणि शस्त्रे, उपकरणे, नौकांच्या प्रतिकृती इमारतीतल्या दालनांत आहेत. माझ्या मते हाताशी असलेल्या वेळातला मोठा भाग आवारालाच द्यावा.

आवारात शिरण्यापूर्वी एक तुलना ध्यानात ठेवावी. ओझरची धावपट्टी सुमारे ३ किलोमीटर लांब आहे. १९६१ मध्ये नौदलात दाखल झालेली पहिली ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सुमारे २१३ मीटर होती, आणि तीसुद्धा लाटांवर वरखाली होत असे. हे लक्षात घेऊन सी हॉकजवळ उभे राहिले, की त्या छोट्याशा जेट विमानातली एकेक गोष्ट आपले कारण सांगू लागते. पंख मध्यावर दुमडून वर उचलता येतात, कारण विमानाला नौकेच्या लिफ्टमधून खालच्या हँगरमध्ये, म्हणजे विमाने ठेवण्याच्या दालनात, न्यायचे असते आणि तेथे जागेची नेहमीच टंचाई असते. शेपटीखाली हूक आहे. डेकवर आडव्या ताणलेल्या पोलादी तारेत तो अडकला, की विमान थोडक्या अंतरात थांबते. सी हॉकच्या मागे जाऊन पाहिले, तर जेट विमानाच्या शेपटीत अपेक्षित असलेले धुराड्याचे तोंडही दिसत नाही. एकाच इंजिनाचा झोत दुभागून पंखांच्या मुळाशी दोन्ही बाजूंनी बाहेर काढला आहे आणि त्यामुळे मागे मोकळी झालेली जागा इंधनाच्या टाकीला मिळाली आहे. नौकेवरच्या वैमानिकाला परतीच्या वाटेवर दुसरा विमानतळ जवळ नसतो, त्यामुळे या जास्तीच्या इंधनाचे मोल फार मोठे होते. ४ डिसेंबर १९७१ रोजी ‘विक्रांत’वरून उडालेल्या सी हॉक विमानांनी तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातील कॉक्स बाजार आणि चितगावच्या ठिकाणांवर हल्ले केले. त्या युद्धाविषयी आपण पुष्कळ ऐकलेले असते, पण ते काम करणारे विमान इतके आटोपशीर होते, हे समोर पाहिल्याखेरीज पटत नाही.

अलिझे हे फ्रेंच बनावटीचे विमान बहुतेक प्रेक्षक एका नजरेत पाहून पुढे जातात, याचे मला मनापासून वाईट वाटते. ते दिसायला जाडजूड आहे, त्याच्या नाकावर पंखा आहे आणि जेटचा डौल त्याच्यापाशी नाही. मात्र त्याचे काम पाणबुडी शोधण्याचे होते आणि त्याचे सारे रूप त्या कामाने घडवले आहे. पोटाखालचा रडारचा घुमट उड्डाणात खाली सोडता येई आणि उतरताना आत ओढून घेता येई. दोन्ही पंखांवर पुढे आलेले जे फुगीर कोश दिसतात, त्यांत चाके दुमडली जात आणि सोनोबॉयही ठेवलेले असत. समुद्रात टाकल्यावर पाण्याखालचा आवाज टिपून तो रेडिओने विमानाला कळवणारे उपकरण म्हणजे सोनोबॉय. विमानातले तिघे जण ते आवाज ऐकत, रडार पाहत, तासन्‌तास समुद्रावर घिरट्या घालत. चाकांसाठी करावाच लागणारा कोश शोधाच्या साधनांसाठीही वापरण्याची ती युक्ती पाहण्यासाठी मी तेथे पुन्हा जाईन.

सी हॅरियर हे गर्दीचे आवडते विमान आहे, आणि तसे असणे योग्यच आहे. १९८३ पासून २०१६ पर्यंत ते आपल्या नौदलात होते. आधी ‘विक्रांत’वर आणि नंतर ‘विराट’वर. त्याच्या दोन्ही कुशींत दोन-दोन अशी इंजिनाचा झोत बाहेर टाकणारी चार नोझल आहेत. ती मागे वळवली की विमान पुढे जाते आणि खाली वळवली की ते हवेत एका जागी तरंगते व सरळ खाली उतरते. मुख्य चाके धडाखाली एकामागे एक आहेत आणि तोल सावरण्यासाठी पंखांखाली दोन बारीक चाके दिली आहेत, अगदी लहान मुलाच्या सायकलला लावतात तशी. या विमानाचे पंख दुमडत नाहीत. लिफ्टमध्ये मावावे म्हणून त्याचे नाक मात्र बाजूला वळवता येते.

या सर्वांवर सावली धरून असावे, असे भासणारे प्रचंड विमान म्हणजे सुपर कॉन्स्टेलेशन. लढाऊ विमान म्हणून त्याचा जन्म झाला नव्हता. एअर इंडियाच्या ताफ्यात ते ‘रानी ऑफ एलोरा’ या नावाने प्रवासी नेत असे, म्हणजे आपल्या वेरूळचे नाव त्याने परदेशी विमानतळांवर मिरवले आहे. पुढे ते सागरी टेहळणीसाठी हवाई दलाकडे गेले आणि १९७६ मध्ये ही विमाने नौदलाकडे आली. माशासारखे किंचित वळलेले धड, प्रत्येकी १८ सिलिंडरची चार इंजिने आणि तीन उभ्या पाकळ्यांची शेपटी हे सर्व सावकाश फेरी मारून पाहावे. एकच उंच शेपटी दिली असती, तर त्या काळच्या हँगरच्या दारातून विमान आत गेले नसते, म्हणून तिचे तीन भाग केले, असे तिच्याविषयी सांगितले जाते. याच दाबोळीची धावपट्टी गोवा मुक्तीच्या कारवाईत १८ डिसेंबर १९६१ रोजी हवाई दलाच्या कॅनबेरा विमानांनी बॉम्बफेक करून उखडली होती. तरीही पोर्तुगिजांचे एक सुपर कॉन्स्टेलेशन रात्रीच्या अंधारात उरलेल्या पट्टीवरून उडून कराचीला निसटले. आवारातले विमान ते नव्हे, परंतु त्याच्या आकाराकडे पाहून त्या रात्रीच्या वैमानिकाने पत्करलेल्या धोक्याची कल्पना येते.

लहान विमानांत सीलँडकडे लक्ष द्यावे. पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणाऱ्या या जातीच्या विमानांपासून १९५३ मध्ये आपल्या नौदलाच्या विमानदलाला सुरुवात झाली. फायरफ्लाय, डव्ह, व्हँपायर आणि एकाच दांड्यावर दोन पंखे असलेले कामोव्ह हेलिकॉप्टर हीही तेथे आहेत. मराठी प्रेक्षकाने मात्र एचटी-२ हे साधेसुधे प्रशिक्षण विमान चुकवू नये. डॉ. विष्णू माधव घाटगे यांच्या नेतृत्वाखाली एचएएलने त्याचे आरेखन केले आणि १९५१ मध्ये ते प्रथम उडाले. त्याच एचएएलचे ओझर आपल्या दारात असताना, या छोट्या विमानासमोर नाशिकच्या मुलांना थोडा वेळ उभे करणे हे आपले कर्तव्यच आहे, असे मला वाटते.

इमारतीतली दालने आवारानंतर पाहिली, तर अधिक समजतात. अलिझेचे कोश पाहून आत आलेल्या माणसाला सोनोबॉय आणि पाण्याखालून मारा करणारे टॉर्पेडो ही कपाटातली अनोळखी नळकांडी वाटत नाहीत. ‘विक्रांत’ आणि ‘विराट’च्या प्रतिकृतींपाशी डेक, लिफ्ट आणि हँगर यांचा परस्परसंबंध लक्षात येतो. दारूगोळ्याच्या दालनात मी फार रमलो नाही.

नाशिक रोडहून मंगला एक्सप्रेस कोकण रेल्वेमार्गे थेट मडगावला जाते आणि तेथून वास्कोमार्गे बोगमाळो गाठता येते. संग्रहालय सोमवारी बंद असते व तिकीट माफक आहे. आवारात ऊन फार लागते, तेव्हा सकाळी उघडल्याबरोबर जावे आणि टोपी व पाणी बरोबर ठेवावे. लगतच्या आयएनएस हंस या तळावरून नौदलाची मिग-२९के विमाने उडतात, त्यामुळे नशिबाने साथ दिली, तर आजची नौदल विमानेही डोक्यावरून जाताना दिसतील आणि ओझरच्या आवाजांत तयार झालेला कान लगेच टवकारेल. मुले बरोबर असतील, तर त्यांना माहिती वाचून दाखवण्यापेक्षा प्रत्येक विमानाचा हूक शोधायला सांगावे. सी हॉकचा आणि अलिझेचा त्यांना सापडेल. सी हॅरियरचा सापडणार नाही, आणि तो का नाही, याचे उत्तर ती चार नोझलकडे पाहून स्वतः देईपर्यंत पालकांनी गप्प राहावे.